राऊटर घेण्याआधी घराचा नकाशा काढा



मागच्या रविवारी चहाच्या सुट्टीत तिघा पालकांनी मला एकच प्रश्न विचारला, "घरी कोणता राऊटर घ्यावा?" बाईंनी तो ऐकला आणि म्हणाल्या, "सगळ्यांना एकदाच लिहून द्या, म्हणजे सुट्टी चहासाठी राहील." म्हणून हा लेख. माझं काम कॉम्प्युटरचंच आहे, तरीही घरी मी जी चूक केली ती आधी सांगून टाकतो.

आमच्याकडे दर शनिवारी रात्री साडेनऊला सांगलीच्या आजीचा व्हिडिओ कॉल असतो. तिथे तेव्हा रविवारची सकाळ. आजी धाकटीला गोष्ट सांगते, आणि नेमका राक्षस दारात आला की चित्र थांबतं. मग दोन्हीकडून "हॅलो, ऐकू येतंय का?" धाकटी कंटाळून उठून जायची. हळूहळू कॉल दहा मिनिटांवर आला. एक दिवस आजी म्हणाली, "अरे, माझाच फोन बिघडलाय वाटतं. नवीन घेते." तेव्हा मला लाज वाटली, कारण तिचा फोन चांगला होता. दोष आमच्या घरात होता.

मी काय केलं? दुकानात जाऊन आठ अँटेनांचा, कोळ्यासारखा दिसणारा महागडा राऊटर आणला आणि जुना होता तिथेच, बेसमेंटमध्ये, गरम पाण्याच्या टाकीशेजारी ठेवला. वरच्या बेडरूममध्ये आधी सेकंदाला ९ मेगाबिट मिळत होते, आता १४ मिळू लागले. आजी तशीच थांबायची. आठवड्याने तो परत केला.

आता मुलांसाठी थोडं. भिंतीतून येणाऱ्या केबलला आधी मोडेम लागतो. तो दुभाषी आहे: केबलमधल्या खुणा तो आपल्या यंत्रांना कळतील अशा करून देतो. राऊटर हा पंगतीतला वाढपी. ज्याने जे मागितलं ते त्याच्याच पानात वाढायचं, ताईचा व्हिडिओ दादाच्या पानात नाही. कित्येक घरांत कंपनीने दिलेल्या एकाच डब्यात दोन्ही असतात, म्हणून घोटाळा होतो.

वाढप्याचा आवाज लहरींतून पोचतो. तुमची पट्टी काढा आणि सेंटिमीटरची बाजू बघा. २.४ गिगाहर्ट्झची एक लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर लांब असते, ५ गिगाहर्ट्झची सहा, आणि ६ गिगाहर्ट्झची पाच. लांब लहर भिंतींतून बरी जाते, पण तिथे गर्दी फार. शेजाऱ्यांचे राऊटर तिथेच, ब्लूटूथ तिथेच, आणि मायक्रोवेव्हसुद्धा तिथेच. पॉपकॉर्न लावले की कॉल अडखळतो त्याचं कारण हेच. आखूड लहरींवर वेग जास्त मिळतो, पण त्या दोन-तीन भिंतींत थकतात. ६ गिगाहर्ट्झचा पट्टा अमेरिकेत २०२० साली वाय-फायसाठी खुला झाला. तो रिकामा आहे, पण त्यावर बोलणारा फोन किंवा लॅपटॉप घरात हवा.

आपली इथली घरं लाकडी सांगाड्याची आणि ड्रायवॉलची, त्यामुळे लहरी बऱ्या फिरतात. अडवतात ते वेगळेच: विटांची फायरप्लेस, बाथरूमच्या फरशा, मोठा आरसा, फ्रिज, हीटिंगचे पत्र्याचे डक्ट, पाण्याची टाकी. मी राऊटर नेमका या सगळ्यांच्या खाली पुरला होता!

तेव्हा विकत घेण्याआधी मोजा. लॅपटॉप आधी केबलने राऊटरला जोडा आणि वेग तपासा. आमची योजना ३०० मेगाबिटची. केबलने जवळजवळ तेवढे मिळाले. म्हणजे कंपनीकडून येणारं ठीक. मग केबल काढून राऊटरशेजारी उभं राहून मोजा, मग प्रत्येक खोलीत. केबलनेच कमी मिळालं तर जगातला कुठलाही राऊटर ते वाढवणार नाही, कंपनीला फोन करा. (मुलांनो, आठ बिटांचा एक बाइट. ३०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला किती मेगाबाइट? आईबाबांना विचारू नका.)

चांगल्या व्हिडिओ कॉलला जाता-येता तीन-चार मेगाबिट पुरतात. मग आमचे ९ का पुरत नव्हते? कारण ते क्षणात ११, क्षणात शून्याजवळ. आणि दुसरी गोष्ट, जी माझ्याही उशिरा लक्षात आली: केबलच्या योजनांत वर पाठवायचा वेग खाली येणाऱ्या वेगापेक्षा बराच कमी असतो. शनिवारी पार्टीहून आलं की सगळ्यांचे फोन एकदम फोटो चढवू लागतात. त्या रांगेत आपलं बोलणं अडकतं, आणि आजीला आपण थांबलेले दिसतो. काही राऊटरमध्ये कॉलला रांगेत पुढे घेण्याची सोय असते, तिला क्यूओएस म्हणतात. रोज घरून काम किंवा कॉल असतील तर ही सोय अँटेनांपेक्षा मोलाची.

आम्ही शेवटी जुनाच राऊटर लांब केबल टाकून तळमजल्यावर, जिन्याजवळच्या उघड्या कपाटावर आणला. वरच्या खोलीत १२० मेगाबिट मिळाले. खर्च केबलचा.

म्हणजे नवा राऊटर घेऊच नये का? तसं नाही. दोन वर्षांनी आम्हीही घेतला, कारण जुन्याच्या कंपनीने सुरक्षेचे अपडेट देणं बंद केलं. हे कारण खरं मानावं. असे म्हातारे राऊटर चोर ताब्यात घेतात, असा इशारा एफबीआयनेही मे २०२५ मध्ये दिला होता. खोक्यावर अपडेट किती वर्षं मिळतील ते शोधा, आणि डब्ल्यूपीए ३ ही सुरक्षा आहे ना ते पाहा.

खोक्यावरचे मोठे आकडे वाचताना मात्र सावध. 'एएक्स ३०००' म्हणजे २.४ वरचे ५७४ आणि ५ वरचे २४०२ यांची बेरीज, गोल करून. एक फोन एका वेळी साधारणपणे एकाच पट्ट्यावर बोलतो, आणि साध्या फोनला कागदावर १२०१, प्रत्यक्षात निम्म्याच्या आसपास मिळतात. ३०० किंवा ५०० ची योजना असेल तर वाय-फाय ६ चा साधा राऊटर पुरे. वाय-फाय ७ ची प्रमाणपत्रं जानेवारी २०२४ पासून मिळू लागली. गिगाबिटहून मोठी योजना आणि नवी यंत्रं असतील तर घ्या, नुसत्या आकड्यासाठी नको.

घर मोठं असेल तर दोन-तीन डब्यांचा मेश संच. त्यात सगळे एक चूक करतात: दुसरा डबा जिथे वाय-फाय येत नाही तिथेच ठेवतात. त्यालाच ऐकू आलं नाही तर तो पुढे काय सांगणार? अर्ध्या वाटेवर ठेवा. शक्य असेल तर दोन डबे केबलने जोडा. भिंतीत टीव्हीची जुनी कोॲक्स केबल असेल तर मोका नावाचे जोड-डबे लावून तीच वापरता येते, भिंत फोडावी लागत नाही.

भाड्याचंही बघा. कित्येक केबल कंपन्या त्यांच्या डब्याचे महिन्याला दहा-पंधरा डॉलर घेतात. पंधरा धरले तर वर्षाचे १८०. तुम्ही स्वतःचं यंत्र वापरत असाल तर न दिलेल्या यंत्राचं भाडं त्यांना लावता येत नाही, हा नियम डिसेंबर २०२० पासून आहे. मोडेम मात्र त्यांच्या मान्य यादीतला हवा, आणि डबा परत केल्याची पावती जपून ठेवा. काही फायबर कंपन्या राऊटर फुकट देतात. तो चालत असेल तर बदलायची घाई नको.

सुट्टीत जुना राऊटर आजी-आजोबांसाठी बॅगेत घालणारे आपल्यात बरेच आहेत. त्याच्या ॲडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय का बघा. नुसते १२० असतील तर तिथल्या २३० वर जळेल. तिथे विटांच्या भिंती आणि सळ्यांचा स्लॅब, त्यामुळे इथे घरभर पोचणारा राऊटर तिथे हॉलपुरता ठरू शकतो. आणि अपडेट बंद झाले म्हणून आपण काढलेला डबा त्यांना देऊ नका.

मुलांनो, गृहपाठ: वहीच्या पानावर घराचा नकाशा काढा. राऊटर, फ्रिज, फायरप्लेस, मोठे आरसे दाखवा आणि प्रत्येक खोलीत मोजलेला वेग मराठी आकड्यांत लिहा. पुढच्या रविवारी नकाशे आणा, चहाच्या सुट्टीत बसून बघू. बाईंची परवानगी मी काढली आहे.

— एक पालक