हरवलेल्यांना हाक देणारी घंटा

फ्रान्सच्या दक्षिणेकडील ओब्राक पठारावर हिवाळ्यात धुके व हिमवादळ एकाच वेळी आले की दहा पावलांवरची वाट दिसेनाशी होते. मध्ययुगात अशा वेळी येथील धर्मशाळेतील घंटा वाजवली जाई. वाट चुकलेल्या यात्रेकरूंनी त्या आवाजाच्या रोखाने चालत यावे, हा त्यामागचा हेतू. ही घंटा 'हरवलेल्यांची घंटा' म्हणूनच ओळखली जाते.

स्पेनमधील सांतियागो येथे संत जेम्स यांची समाधी असल्याची ख्रिस्ती भाविकांची श्रद्धा आहे. फ्रान्समधील ल प्वी या गावाहून तेथे जाणारा मार्ग सुमारे १३०० मीटर उंचीवरील हे पठार ओलांडून जातो. मध्ययुगात येथे वस्ती विरळ आणि जंगल दाट होते. थंडीइतकेच भय लुटारूंचे असे.

नवसातून उभी राहिलेली वास्तू

फ्लँडर्सचा सरदार अदलार यात्रेच्या वाटेवर येथेच लुटारूंच्या आणि हिमवादळाच्या तडाख्यात सापडला. जीव वाचल्यास यात्रेकरूंसाठी आश्रयस्थान बांधीन, असा नवस त्याने केला, असे परंपरा सांगते. त्यातून ११२० च्या सुमारास ही धर्मशाळा उभी राहिली. पुढे ११६२ मध्ये रोदेझच्या बिशपांनी तिला नियमावली घालून दिली. धर्मगुरू, सरदार, संन्यस्त बंधू, सेवाव्रती स्त्रिया आणि सेवक अशी येथील समुदायाची रचना होती. धर्मगुरूंकडे उपासना, सरदारांकडे वाटेवरील यात्रेकरूंचे रक्षण, तर स्त्रियांकडे आजाऱ्यांची शुश्रूषा असे. संस्थेच्या प्रमुखाला 'दोम' म्हणत.

दयेला तटबंदीची जोड

दानात मिळालेल्या जमिनी आणि कुरणे यांमुळे संस्था संपन्न झाली. या उत्पन्नातूनच दारी येणाऱ्या गोरगरिबांना भाकरी मिळे. मात्र संपत्तीबरोबर धोकाही आला. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यातील शतवर्षीय युद्धाच्या (१३३७ ते १४५३) काळात सशस्त्र टोळ्यांचा उपद्रव वाढला. त्यामुळे १३५३ मध्ये येथे भक्कम चौकोनी बुरूज बांधण्यात आला. तो 'इंग्रजांचा बुरूज' म्हणून ओळखला जातो. हे नाव बांधणाऱ्यांचे नव्हे, तर ज्यांच्या भीतीने तो बांधला त्यांचे आहे. ज्या वास्तूचे दार सर्वांसाठी उघडे असावे, तिलाच ते बंद करण्याची सोय करावी लागली.

या भागातील 'अलिगो' हा पदार्थही यात्रेकरूंशी जोडला जातो. भुकेले यात्रेकरू 'काहीतरी' द्या, अशी लॅटिनमधून याचना करीत आणि त्याच शब्दावरून हे नाव पडले, अशी आख्यायिका आहे. पूर्वी तो भाकरी आणि ताजे चीज यांपासून करीत. भाकरीची जागा बटाट्याने पुढे घेतली.

१७८९ च्या फ्रेंच राज्यक्रांतीनंतर धार्मिक संस्थांची मालमत्ता सरकारजमा झाली आणि ओब्राकमधील सेवेची परंपरा खंडित झाली. बरेचसे बांधकाम नामशेष झाले. दीनांच्या मातेचे चर्च, बुरूज आणि मोजके अवशेष तेवढे उरले.

युनेस्कोने १९९८ मध्ये फ्रान्समधील सांतियागो यात्रामार्गांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यात ओब्राकवरून जाणाऱ्या वाटेचाही समावेश आहे. पायी चालणारे यात्रेकरू पुन्हा या पठारावर येऊ लागले असून, शत्रूला अडवण्यासाठी बांधलेल्या त्याच बुरुजात त्यांच्या मुक्कामाची सोय करण्यात आली.