सुट्टीतली सात पुस्तकं आणि जोहराच्या बांगड्या

निकालाच्या दिवशी एक आई मला म्हणाली, "मॅडम, आता दीड महिना हा मोबाईल खाली ठेवणार नाही. काहीतरी सांगा." मी नेहमीचं उत्तर दिलं, "पुस्तकं वाचायला द्या." तिने लगेच विचारलं, "कोणती?" आणि मी गप्प झाले.

वीस वर्षं मी उर्दू आणि मराठी शिकवते. "वाचा, वाचा" असं हजारदा सांगितलं असेल. पण आठवी-नववीच्या मुलाच्या हातात नेमकं कोणतं पुस्तक द्यायचं, हे मी कधी नाव घेऊन सांगितलं नव्हतं. त्या वयाची मुलं चिऊ-काऊच्या गोष्टींना हसतात आणि मोठ्यांच्या कादंबऱ्या त्यांना पेलत नाहीत. उर्दू माध्यमातल्या मुलांची आणखी एक अडचण असते. त्यांच्यासाठी मराठीचं पुस्तक म्हणजे परीक्षेचं पुस्तक. परीक्षा संपली की ते रद्दीत जातं.

म्हणून या उन्हाळ्यात जुन्या नाशकातल्या आमच्या घरी आठवड्यातून चार दिवस, असर ते मगरिब, मुलांना बोलवायला सुरुवात केली. सातवी ते दहावीची नऊ मुलं-मुली जमली. काही पुस्तकं माझ्याकडे होती, काही वाचनालयातून आणली, दोन जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घेतली. अट एकच होती. न आवडलेलं पुस्तक अर्धवट सोडायला पूर्ण परवानगी, पण का सोडलं ते सांगायचं. त्यातली सात पुस्तकं मुलांनी शेवटपर्यंत वाचली. तुमच्या घरासाठी ती इथे सांगते.

अब्बू खां की बकरी

सुरुवात उर्दूतून केली, म्हणजे मुलांची भीड मोडेल. ही गोष्ट लिहिणारे डॉ. झाकिर हुसेन जामिया मिल्लियाचे कुलगुरू होते आणि पुढे 1967 मध्ये भारताचे राष्ट्रपती झाले. एवढा मोठा माणूस मुलांसाठी बकरीची गोष्ट लिहितो, याचंच मुलांना नवल वाटलं. अल्मोड्याच्या अब्बू खांची चांदनी नावाची बकरी दोरी नको म्हणून डोंगरावर पळते आणि रात्रभर लांडग्याशी शिंगांनी लढते. बकरी ईद जवळ आलेली, त्यातल्या तिघांच्या दारात बकरे बांधलेले. गोष्ट संपली तेव्हा सातवीतल्या मुलाने विचारलं, "मॅडम, मग जीता कौन?" त्यावर अर्धा तास वाद झाला आणि मी एक शब्दही बोलले नाही. गोष्ट छोटी आहे, एका बैठकीत मोठ्याने वाचून होते. मराठी माध्यमातल्या मुलांनाही ऐकून सहज समजते.

फास्टर फेणे

भा. रा. भागवतांचा बनेश फेणे फुरसुंगीचा, शिकायला पुण्यात विद्याभवनात. किडकिडीत, सायकलवर स्वार आणि संकट दिसलं की त्यात उडी घेणारा. आमच्यातल्या एका मुलाचं मराठी इतकं कच्चं होतं की तो बोट ठेवून एकेक शब्द वाचायचा. पहिल्या दिवशी त्याने चार पानं वाचली, दुसऱ्या दिवशी अकरा. मी विचारलं, "शब्द अडत नाहीत का?" तो म्हणाला, "अडतात. पण चोर पळतोय ना मॅडम, थांबणार कसं?" भाषा शिकवण्याच्या प्रशिक्षणात मी जे बरंच काही वाचलं, ते या मुलाने एका वाक्यात सांगितलं. या मालिकेत बरीच पुस्तकं आहेत आणि कुठलंही आधी वाचलं तरी चालतं. वाचनाचा कंटाळा असलेल्या मुलासाठी हीच पहिली पायरी.

तोत्तोचान

तेत्सुको कुरोयानागी या जपानी लेखिकेने आपल्या शाळेच्या आठवणी 1981 मध्ये लिहिल्या. मराठी अनुवाद चेतना सरदेशमुख-गोसावी यांचा, नॅशनल बुक ट्रस्टने काढलेला. वर्गात खिडकीशी उभी राहून रस्त्यावरच्या वाजंत्रीवाल्यांना हाका मारणाऱ्या छोट्या तोत्तोला पहिली शाळा काढून टाकते. दुसऱ्या शाळेत, तोमोएत, रेल्वेचे जुने डबे हेच वर्ग. तिथले मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्याच दिवशी तिचं बोलणं चार तास ऐकून घेतात. डब्यात काहीतरी समुद्रातलं आणि काहीतरी डोंगरावरचं आणायचं, हा त्यांचा नियम. मुलांनी लगेच आपापले डबे आठवले. सुका जवळा म्हणजे समुद्र, हे ठरलं. मेथीची भाजी डोंगरात धरायची की शेतात, यावर मात्र एकमत झालं नाही.

हे पुस्तक मुलांइतकंच मोठ्यांनीही वाचावं. मी ते वाचताना मला माझ्याच वर्गातला एक मुलगा आठवला. सारखा उठतो म्हणून मी त्याला एकदा पूर्ण तास दाराबाहेर उभं केलं होतं. तो का उठतो, हे मी विचारलं नव्हतं. पुढे कळलं, त्याला फळ्यावरचं दिसत नव्हतं. चष्मा लागला आणि उठणं थांबलं.

वनवास

प्रकाश नारायण संतांचा लंपन सीमाभागातल्या एका गावात आई-बाबांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहून शिकतो. 'वनवास' हे पहिलं पुस्तक 1994 मध्ये आलं. पुढे 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर'. यात चोर-पोलीस नाहीत. शाळा, मैत्रीण सुमी, पाऊस, झाडं आणि त्या वयात मनात उगाच दाटून येणारं काहीतरी आहे. आमच्यातल्या एका मुलाचे आईवडील कामासाठी भिवंडीला असतात आणि तो इथे नानीकडे राहतो. त्याने हे पुस्तक घरी नेलं आणि आठ दिवस परत आणलं नाही. काही बोललाही नाही. परत देताना फक्त एवढंच विचारलं, "याचा दुसरा भाग आहे का?"

मला आणखी एका कारणासाठी हे पुस्तक महत्त्वाचं वाटतं. लंपनच्या मराठीत कानडीची चव आहे. आपल्या मुलांच्या मराठीत दख्खनी उर्दूची चव असते आणि त्यावरून कुणी हसलं की ती तोंड मिटून घेतात. त्यांना दाखवायला हवं की मराठीतल्या इतक्या नावाजलेल्या पुस्तकाचा नायकसुद्धा अशीच मिसळलेली भाषा बोलतो.

श्यामची आई

हे पुस्तक तर आपल्या गावात लिहिलं गेलं. साने गुरुजी नाशिकच्या तुरुंगात होते. 9 फेब्रुवारी 1933 ला त्यांनी लिहायला घेतलं आणि 13 फेब्रुवारीच्या पहाटे हात थांबवला. पाच दिवसांत! हे सांगितल्यावर एक मुलगी म्हणाली, "जेलरोडला माझे मामू राहतात, आम्ही नेहमी जातो. मला कुणी सांगितलंच नाही." याच साने गुरुजींनी 'इस्लामी संस्कृती' हे पुस्तकही लिहिलं. मोठ्यांनी ते जरूर मिळवून वाचावं.

खरं सांगायचं तर आजच्या काही मुलांना 'श्यामची आई'तला उपदेश जड वाटतो. एक मुलगा म्हणाला, "हा फार रडतो." मी म्हटलं, बरं, पोहण्याचं प्रकरण तेवढं वाच. श्याम पाण्याला भिऊन लपून बसतो आणि आई त्याला मारून पोहायला पाठवते. तो पोहून आल्यावर मात्र तिचाच जीव कासावीस होतो. ते वाचून तो मुलगा म्हणाला, "माझी अम्मी पण अशीच आहे. मारते आणि मग अंडं तळून देते." सगळं पुस्तक सलग वाचण्याची सक्ती नको. एका रात्रीची एक गोष्ट, असंच ते रचलेलं आहे. तसंच वाचावं.

चौघीजणी

लुइझा मे अल्कॉट या अमेरिकन लेखिकेची दीडशे वर्षांहून जुनी कादंबरी शांता शेळके यांनी मराठीत आणली. वडील युद्धावर, घरात पैशांची ओढ, आई आणि चार बहिणी. बहिणी भांडतात, रुसतात, पुन्हा एका रजईत शिरतात. धाकटी एमी रागाच्या भरात ज्योने लिहिलेली गोष्टींची वही जाळून टाकते, तिथे आमच्याकडच्या दोन सख्ख्या बहिणींनी एकमेकींकडे असं पाहिलं की मला हसू आवरेना. आजारी वडिलांकडे जायला आईला पैसे हवेत म्हणून ज्यो आपले लांब केस विकते. हे पुस्तक मुलींचं आहे, असं म्हणून एका मुलाने ते नाकारलं होतं. मग बहिणीच्या उशाखालून काढून त्याने ते चोरून वाचलं.

अग्निपंख

शेवटी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम. आत्मचरित्र 1999 चं, मराठी अनुवाद माधुरी शानभाग यांचा. कलाम साहेबांचा 15 ऑक्टोबर हा जन्मदिवस महाराष्ट्रात वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी शाळाशाळांत त्यांच्यावर भाषणं होतात, पण ती देणाऱ्या मुलांपैकी फार थोड्यांनी पुस्तक उघडलेलं असतं. पुढच्या भागात अग्निबाण आणि क्षेपणास्त्रांची माहिती दाट आहे, तिथे काही मुलं थकतात. पण रामेश्वरमचं बालपण प्रत्येकाने वाचावं. पहाटे वर्तमानपत्रांचे गठ्ठे गोळा करणारा मुलगा, टोपी पाहून मागच्या बाकावर बसवणारे एक शिक्षक आणि ते कळल्यावर त्यांना जाब विचारणारे लक्ष्मणशास्त्री.

त्यात एक प्रसंग आहे. कलामांना मद्रासच्या तंत्रज्ञान संस्थेत प्रवेश मिळतो, पण त्यासाठी लागणारे सुमारे हजार रुपये घरात नसतात. तेव्हा बहीण जोहरा आपल्या सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण ठेवते. कलाम ठरवतात की स्वतःच्या कमाईतून त्या सोडवायच्या.

वर्गात हा प्रसंग मी दरवर्षी सांगते. बहिणीचा त्याग, भावाची जिद्द, एवढं सांगून पुढे जाते. या वेळी नववी पास झालेली एक मुलगी, गणितात हुशार, वाचता वाचता थांबली. म्हणाली, "मॅडम, जोहराला काय व्हायचं होतं?"

मला उत्तर देता आलं नाही. पुस्तकात जोहराबद्दल फार थोडं आहे. मी म्हटलं, "ते दिलेलं नाही." ती म्हणाली, "कुणी विचारलं नसेल."

मला माहीत होतं ती हे का विचारते आहे. तिच्या मोठ्या भावाला डिप्लोमाला घालायचं घरात चाललं होतं. दोघांच्या फी जमणार नाहीत, म्हणून हिने क्लास न लावता दहावी करायची आणि मग बघू, असं ठरत होतं. 'मग बघू'चा अर्थ आपल्या घरांतल्या मुलींना चांगला कळतो. तिच्या भावाला मी ओळखते, गुणी मुलगा आहे. वडीलही वाईट नाहीत. फर्निचर पॉलिशचं काम करतात, मगरिबच्या आधी तिला न्यायला स्वतः येतात. हिशोब करताना मुलीचा आकडा आधी खोडायचा, ही त्यांनी एकट्याने लावलेली सवय नाही.

मी उपदेश केला नाही. एवढंच म्हटलं, "हे पान घरी वाचून दाखव." तिने रात्री जेवणानंतर ते पान उर्दूत समजावून सांगत अब्बूंना ऐकवलं आणि मला विचारलेला प्रश्न त्यांनाही विचारला.

आठवड्याने तिची आई आली. म्हणाली, "तिचे अब्बू दोन दिवस गप्प होते. परवा त्यांनी तिला विचारलं, तुला काय व्हायचंय? तर म्हणते, सी.ए. मॅडम, ते काय असतं, किती वर्षं लागतात?" मी चहा ठेवला आणि कागदावर सगळं लिहून दिलं. दहावी, अकरावी-बारावी वाणिज्य, पुढच्या परीक्षा, आणि शिष्यवृत्तीसाठी कुठे विचारायचं तेही.

अजून काही ठरलेलं नाही. फीचा आकडा जेवढा होता तेवढाच आहे. पण आता त्या घरातल्या हिशोबात दोन नावं आहेत.

घरी हे करायचं कसं?

रोज वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. वेळ ठरलेली असावी आणि त्या वेळेत घरातल्या मोठ्यांचेही मोबाईल बाजूला असावेत. पुस्तक संपल्यावर "तात्पर्य काय?" असं विचारू नका, तो शाळेचा प्रश्न झाला. "तुला कुणाचा राग आला?" असं विचारा, मूल बोलायला लागेल. मराठी कच्चं असेल तर एक पान तुम्ही वाचा, एक त्याला वाचू द्या. आणि जमलं तर तेच पुस्तक तुम्हीही वाचा. मुलाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही तरी चालेल, प्रश्न कुठून आला एवढं तरी कळेल.

पुस्तकं विकत घ्यायलाच हवीत असं नाही. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 पासून चालू आहे. आपल्यातल्या किती घरांत त्याचं सभासद कार्ड आहे, हे एकदा आपणच मोजावं. तुमच्या गावातही एखादं वाचनालय असेल. मुलाला तिथे एकटं पाठवू नका, पहिल्या वेळी हात धरून घेऊन जा. आणि मुलगी असेल तर तिचं कार्ड तिच्या नावाने काढा.