बर्फात फिरायला कुत्र्यालाही न्यायचे आहे?

हिवाळा सरताना हिमालयातल्या बर्फवाटा खुणावतात. लाडक्या सोबत्याला घेऊन निघण्यापूर्वी मात्र त्याच्या पंजांचा आणि प्रकृतीचा विचार करा.

बेंगळुरूच्या शिवाजीनगरात फेब्रुवारीअखेर दुपारचा पारा ३० अंशांच्या आसपास जातो. रसेल मार्केटभोवतीच्या गल्ल्यांतली कुत्री सावली शोधू लागतात. याच दिवसांत शहरातले हौशी लोक लोकरीचे कपडे भरून हिमालयाकडे निघतात. घरातला कुत्राही सोबत असावा, असे मुलांना हमखास वाटते.

नोव्हेंबर २०१८ मध्ये नेपाळमधल्या मेरा नावाच्या भटक्या कुत्रीने एका पथकामागोमाग जाऊन ७,१२९ मीटर उंचीचे बरुंत्से शिखर गाठले. ही गोष्ट जगभर गाजली. पण मेरा डोंगरातलीच होती. भोटिया किंवा गद्दी जातीचे कुत्रेही दाट केसांचे असतात आणि मेंढपाळांबरोबर थंडीवाऱ्यात वाढतात. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटरवर आहे. तिथल्या फ्लॅटमधल्या आखूड केसांच्या कुत्र्याची त्यांच्याशी बरोबरी कशी होणार?

जायचे कुठे?

केदारकंठासारखी प्रसिद्ध वाट अभयारण्यातून जाते. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात पाळीव कुत्रा नेण्यास सहसा मनाई असते. त्याच्यामुळे वन्यप्राणी बिथरतात, रोगही पसरू शकतात. त्यापेक्षा शिमल्यापासून सुमारे ६० कि.मी. अंतरावरच्या नारकंड्याहून हाटू शिखराकडे जाणारी वाट सोपी. तरीही वनखात्याकडे आधी चौकशी करावी.

रेबीज आणि डिस्टेंपरच्या लसी वेळेवर टोचून घ्या, दाखला जवळ ठेवा. रेल्वेने न्यायचे तर पहिल्या वर्गातला पूर्ण कूपे मिळवावा लागतो. गार्डच्या डब्यातल्या पेटीत त्याला एकटे पाठवणे क्लेशदायक ठरते. पोहोचल्यावर एक-दोन दिवस विश्रांती घेऊन मगच चढायला लागा.

पंजे आणि पोट

हिवाळा सरतानाचा बर्फ फसवा असतो. सकाळी वरचा थर काचेसारखा कडक असतो, त्याने पंजे कापले जातात. दुपारी तोच बर्फ मऊ होतो आणि कुत्रा पोटापर्यंत रुततो. उन्हाने हिमकडे कोसळण्याचा धोकाही वाढतो. म्हणून पहाटे निघून दुपारच्या आत परतावे.

बोटांमध्ये बर्फाचे गोळे अडकतात, ते वरचेवर काढा. पायमोजे घालायचे असतील तर घरी आठवडाभर सवय करा. बर्फ खाऊन तहान भागत नाही, उलट अंग गार पडते. कोमट पाणी सोबत ठेवा. तुमच्या पिशवीतले चॉकलेट आणि बेदाणे मात्र त्याला चुकूनही देऊ नका. दोन्ही त्याला विषासमान आहेत.

निर्णय तुमचाच

कुत्रा दमला तरी मालकाची पाठ सोडत नाही. हाच त्याचा मोठा गुण आणि इथे हाच मोठा धोका. तो पाय उचलून धरू लागला, सतत थरथरू लागला किंवा बसकण मारू लागला की शिखर कितीही जवळ असो, मागे फिरा. थरथर थांबूनही तो सुस्त दिसला तर ते बरे वाटण्याचे लक्षण समजू नका. शरीराची ऊब संपत आल्याची ती खूण असते. त्याला कोरडे करा, कांबळ्यात गुंडाळा आणि ताबडतोब डॉक्टरांकडे न्या.

स्वतःचा कुत्रा नेला नाही तरी ही जबाबदारी सुटत नाही. पहाडी गावातले कुत्रे एका बिस्किटासाठी पर्यटकांमागे मैलोनमैल चालतात आणि अनोळखी जागी अडकतात. त्यांना गावातच पोटभर खाऊ घाला, वाटेवर नको. वाट सोपी, कुत्रा दणकट आणि सोबत घाई नसलेली माणसे असतील तर घरच्याला खुशाल न्या. नाहीतर ते आठ दिवस त्याला शिवाजीनगरातच, ओळखीच्या घरी ठेवणे हेही प्रेमच आहे.