नदीचा गाळ आणि किरणोत्सर्गी द्रव्यें

वाहतें पाणी आपोआप शुद्ध होतें, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. पालापाचोळा, जनावरांची घाण इत्यादिकांच्या बाबतींत ती पुष्कळ अंशीं खरीहि आहे. कारण हवा, ऊन व सूक्ष्म जंतु यांच्या योगानें त्यांचें विघटन होतें. किरणोत्सर्गी द्रव्यांस मात्र हा नियम लागू पडत नाहीं. रशियांत उरल पर्वताच्या दक्षिण भागीं वाहणाऱ्या टेचा नदीची हकीकत या दृष्टीनें विचार करण्याजोगी आहे.

या नदीच्या वरच्या अंगास सोव्हिएट सरकारनें अण्वस्त्रांसाठीं प्लुटोनियम तयार करणारा मायाक हा कारखाना १९४८ मध्यें सुरू केला. १९४९ पासून १९५६ पर्यंत त्याचें सुमारें ७ कोटी ६० लक्ष घनमीटर सांडपाणी टेचेंत सोडण्यांत आलें. त्यांतील बहुतेक सर्व किरणोत्सर्ग मार्च १९५० ते नोव्हेंबर १९५१ या काळांतला होय. कारखाना गुप्त असल्यामुळें काठच्या खेडुतांस कारण कळलें नाहीं. तेंच पाणी ते पीत व गुरांस पाजीत.

या सांडपाण्यांत दीर्घकाळ टिकणारीं दोन प्रमुख द्रव्यें होतीं. त्यांची चाल मात्र भिन्न. चिकणमातीचे कण सूक्ष्म पापुद्र्यांचे असतात. सीझियम-१३७ हें त्या पापुद्र्यांच्या फटींत शिरून असें अडकतें कीं, नुसत्या पाण्यानें तें सहसा सुटत नाहीं. माती जेथें जाईल तेथें तें जातें, आणि प्रवाह मंदावला कीं गाळाबरोबर तळाशीं बसतें. स्ट्रॉन्शियम-९० हें गुणधर्मांनीं चुन्यांतील कॅल्शियमचें भावंड. माती त्यास सैल धरते. पाण्यांतील कॅल्शियम त्याची जागा घेतें व तें पुनः प्रवाहास मिळतें. याच साधर्म्यामुळें आपलें शरीरहि फसतें, आणि पाण्यांतून व दुधांतून आलेलें स्ट्रॉन्शियम हाडांत व दांतांत सांठवितें.

१९५१ च्या वसंतांत नदीस पूर आला व दूषित गाळ काठच्या कुरणांवर पसरला. त्या कुरणांवर गाई चरत, व त्यांचें दूध घरोघर जाई. पुढें सुमारें साडेसात हजार लोकांस हलविण्यांत आलें. मुस्ल्युमोव्हो हें गांव मात्र तेथेंच राहिलें. त्याचें स्थलांतर एकविसाव्या शतकांत झालें. दरम्यान एक पिढी त्याच काठीं वाढली होती.

वरच्या भागांतील गाळ अडविण्यासाठीं धरणें बांधलीं, तरी त्यांच्या खालच्या असानोव्ह दलदलींतून स्ट्रॉन्शियम पाझरतच राहिलें. या दोन्ही द्रव्यांचें अर्धायुष्य सुमारें तीस वर्षांचें आहे; म्हणजे तीस वर्षांनीं निम्मा, साठ वर्षांनीं चौथा व नव्वद वर्षांनीं आठवा हिस्सा उरतो. हा क्रम कोणत्याहि रसायनानें वा अग्नीनें लवकर संपत नाहीं.

म्हणून ओंजळभर पाणी निर्मळ दिसलें, किंबहुना तपासणींत निर्दोष ठरलें, तरी नदी शुद्ध झाली असें समजूं नये. तळाचा व काठाचा गाळहि तपासला पाहिजे. कारण पुरानें किंवा उपशानें तो ढवळला, तर आजोबांच्या काळीं बुडालेलें विष नातवांच्या पाण्यांत वर येतें.