होडी शाकारताना पेट्रोल तोंडाने ओढू नका

मे महिना संपत आला की कोकण किनाऱ्यावर आगोटीची धांदल उडते. होड्या वर ओढून झावळ्यांनी किंवा ताडपत्रीने शाकारल्या जातात, जाळी सुकवून माळ्यावर जातात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्या काळात होडीच्या पाठीमागचे आउटबोर्ड इंजिन, म्हणजेच 'ओबीएम', उतरवून पडवीत येते. नॉर्वे, कॅनडासारख्या देशांत हेच काम हिवाळ्यापूर्वी करतात. तिथे भीती बर्फाची. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि इंजिनात अडकलेले पाणी आवरणाला तडा पाडू शकते. आपल्याकडचे शत्रू वेगळे: मीठ, दमट हवा आणि शिळे पेट्रोल.

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी शोषून घेते. पाण्याचे प्रमाण वाढले की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. पेट्रोलचा हलका भाग उडून जातो, उरलेला चिकट साका कार्बोरेटरची बारीक छिद्रे बुजवतो. तेव्हा टाकी रिकामी करायची हे बरोबरच. पण ती अनेकदा कशी केली जाते? नळीचे एक टोक टाकीत, दुसरे तोंडात आणि एक जोराचा झुरका.

पेट्रोल पोटात गेले तर काय, अशी लोकांना धास्ती असते. खरा धोका पोटाला नाही, फुप्फुसाला आहे. पेट्रोल पाण्याहून पातळ, त्याचा पृष्ठताणही कमी. ठसक्याबरोबर श्वासनलिकेत उतरलेला थेंबभर भाग पसरत पसरत वायुकोशांपर्यंत जातो. वायुकोश मिटू नयेत म्हणून त्यांच्या आतून सर्फॅक्टंट नावाच्या, काहीशा साबणासारख्या द्रव्याचा थर असतो. पेट्रोल तो मोडते आणि खालच्या अस्तराला इजा करते. वायुकोश मिटतात, त्यांत द्रव साचतो, रक्ताला प्राणवायू मिळेनासा होतो. हा रासायनिक न्यूमोनिया. त्यासाठी कपभर पेट्रोल लागत नाही. मिलिलिटरभर, म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा हिस्सा, श्वासनलिकेत गेले तरी पुरते. तोंडातून रॉकेल फुंकून आगीचे खेळ करणाऱ्यांनाही हाच आजार होतो.

फसगत होते ती वेळेच्या बाबतीत. ठसका लागतो, डोळ्यांत पाणी येते, तोंडाला वास राहतो आणि दहा मिनिटांत माणूस पुन्हा कामाला लागतो. ताप, धाप, छातीतले दुखणे कित्येकदा काही तासांनी सुरू होते. पहिला एक्स-रे स्वच्छ आला तरी दुसऱ्या दिवशीच्या एक्स-रेत डाग दिसू शकतात. म्हणून ठसका लागला असेल तर रुग्णालय गाठावे आणि बरे वाटत असले तरी निदान सहा तास देखरेखीखाली राहावे. कपड्यांवर सांडले असेल तर ते उतरवून अंग साबणाने धुवावे.

घरच्या घरी होणारा सर्वांत वाईट उपाय म्हणजे ओकारी काढणे. मिठाचे पाणी, घशात बोटे, काहीही नको. पोटात गेलेले थोडे पेट्रोल सहसा फारसा उपद्रव करत नाही. ओकारीबरोबर ते पुन्हा घशाशी येते आणि फुप्फुसात उतरायला त्याला दुसरी संधी मिळते. दूध-तूप पाजूनही उपयोग नाही. याला उतारा असे औषध नाही. प्राणवायू द्यायचा, गरज पडल्यास कृत्रिम श्वास द्यायचा आणि फुप्फुस सावरेपर्यंत थांबायचे. नातेवाईक पहिल्या दिवसापासून अँटिबायोटिकचा आग्रह धरतात, पण जंतुसंसर्ग नसेल तर त्याने काही साधत नाही. बहुतेक रुग्ण काही दिवसांत बरे होतात. सगळेच होतात असे मात्र नाही.

आणि हे सारे टाळण्याचे साधन इंजिनासोबतच मिळते! इंधनाच्या नळीवर जो रबरी फुगा असतो, तो पंपच आहे. नळी इंजिनापासून सोडवायची, तिचे टोक कॅनमध्ये धरायचे, टोकातली झडप बोथट काडीने दाबून ठेवायची आणि फुगा दाबत राहायचे. टाकी सुटी असेल तर नरसाळे लावून ओतून घ्यावे, एवढे सोपे. काम उघड्यावर करावे आणि तोवर विडी खिशातच राहू द्यावी.

त्यानंतरचे काम गोड्या पाण्याचे. इंजिनाच्या आतले मीठ धुऊन निघावे म्हणून ते पाण्याच्या पिंपात उभे करून काही मिनिटे चालवतात. वळवाची सर आली की पिंप पडवीत ओढले जाते, दार लोटले जाते. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि रक्तातले हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवते. डोके जड होणे, मळमळ, गरगरणे या खुणांना लोक उन्हाचा त्रास समजतात. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर अशा वेळी ९८ दाखवून खोटा धीर देते, कारण कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिनही त्याला प्राणवायूने भरलेले वाटते. आकड्यावर विसंबू नये. माणसाला मोकळ्या हवेत आणून तडक रुग्णालयात न्यावे.

राहिले काढलेले पेट्रोल. ते पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून कोपऱ्यात ठेवण्याची सवय घातक आहे. रांगत्या-चालत्या मुलांनी अशा बाटलीतले रॉकेल पिण्याचे प्रकार आपल्या रुग्णालयांना नवे नाहीत. खूण केलेल्या, घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये, घराबाहेर, चुलीपासून दूर ते ठेवावे किंवा ताजे असेल तर दुचाकीत वापरून टाकावे. टू-स्ट्रोक इंजिनाचे, ऑइल मिसळलेले पेट्रोल मात्र आजच्या दुचाकीत ओतू नये.