घरात इंटरनेट घेताना

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मुंबईसह मोठ्या शहरांत इंटरनेट सर्वांना खुले केले. तेव्हा ती श्रीमंतांची चैन होती. आज आपल्या मुलांचा शिष्यवृत्तीचा अर्जदेखील महाडीबीटीवर ऑनलाइनच भरावा लागतो. म्हणून नायगाव, परळ, लालबागच्या आपल्या कुटुंबांनी ही माहिती करून घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

जोडणीचे मुख्य प्रकार चार. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरचा डीएसएल. एक्स्चेंजपासून घर जितके लांब, तितका वेग कमी. दुसरा केबल टीव्हीच्या वायरीवरचा. संध्याकाळी सारी चाळ वापरू लागली की मंदावतो. तिसरा फायबर; काचेच्या तंतूतून प्रकाशाने संदेश जातो, वेग सर्वांत जास्त. पण घरची वीज गेली की यंत्र बंद. चौथा बिनतारी, म्हणजे ४जी-५जी. चाळीच्या पुनर्विकासामुळे घर बदलावे लागणाऱ्यांना सोयीचा. झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानालाही फायबर पुरतो. स्वतंत्र लीज्ड लाइन मोठ्या कार्यालयांसाठी, ती महाग असते.

२०२३ पासून सरकारी व्याख्येनुसार किमान २ एमबीपीएस वेग असेल तरच ते ब्रॉडबँड. जाहिरातीतले ४० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ४० नव्हे, फार तर ५ एमबी. कारण ८ बिट म्हणजे १ बाइट. जातीचा दाखला चढवायचा तर अपलोडचा वेगही विचारा. अनामत, जीएसटी, डेटाची मर्यादा यांचा खुलासा घेऊन पावती जपून ठेवा.

बाबासाहेब परळच्या बी.आय.टी. चाळीतल्या दोन खोल्यांत राहून शिकले. आपल्या लेकरांचा अर्ज केवळ जोडणीअभावी राहता कामा नये. जयभीम!