राजूर घाट, मालवणचं पाणी आणि कानाचा पडदा

बुलढाण्याहून मलकापूरकडे निघालेली एसटी राजूर घाट उतरू लागली, की काही प्रवाशांच्या कानाला दडे बसतात. कुणी आवंढा गिळतं, कुणी मुद्दाम जांभई देतं, आणि मोताळा येईपर्यंत कान मोकळे होतात. घाटावरचं बुलढाणा समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंच. घाटाखालचं मलकापूर त्याहून जवळपास चारशे मीटर खाली. म्हणजे कानाच्या पडद्यावर चारशे मीटर हवेचा भार वाढतो. समुद्रात तेवढाच भार वाढायला अर्धा मीटरसुद्धा खाली जावं लागत नाही.

पहिल्यांदा स्कुबा करणाऱ्याची खरी परीक्षा म्हणूनच मासे दिसण्याच्या आधी होते, आणि ती कानाची असते. पोहता येतं की नाही, हा प्रश्न नंतरचा.

बुलढाणेकराला ही परीक्षा द्यायची तर मालवण गाठावं लागतं. बुलढाणा जिल्ह्यातलंच सिंदखेडराजा हे जिजाऊंचं जन्मगाव. त्यांच्या पुत्राने, शिवाजी महाराजांनी १६६४मध्ये मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधायला घेतला. आज त्याच किल्ल्याच्या आसपासच्या खडकाळ पाण्यात स्कुबाच्या होड्या नांगर टाकून उभ्या असतात. शेजारी तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कुबा शिकवणारी संस्था आहे. पावसाळा सोडला की हंगाम सुरू.

होडीतच शिकवणी होते. नाक मास्कमध्ये बंद, श्वास फक्त तोंडाने. दर थोड्या अंतरावर मास्कवरून नाक चिमटीत धरायचं आणि हलकेच फुंकर मारल्यासारखं करायचं. घसा आणि मधला कान यांना जोडणारी युस्टेशियन नलिका त्याने उघडते, आत हवा जाते आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. कान दुखायला लागल्यावर हे करणं म्हणजे उशीर. सर्दी असेल तर नलिका सुजलेली असते, फुंकर आत पोचत नाही. अशा माणसाने त्या दिवशी होडीतच बसावं.

हातांच्या खुणांचीही एक गंमत आहे. पाण्यात अंगठा वर करणं म्हणजे ‘मस्त चाललंय’ नव्हे, तर ‘मला वर न्या’. आनंदाच्या भरात अंगठा दाखवणाऱ्या नवख्याला प्रशिक्षक इमानदारीत वर घेऊन येतो! ‘ठीक आहे’ सांगायला अंगठा आणि तर्जनीचं कडं करायचं.

पाठीवरच्या टाकीला आपल्याकडे सर्रास ‘ऑक्सिजनचं सिलिंडर’ म्हणतात, बातम्यांतसुद्धा. त्यात असते साधी हवा, दाबून भरलेली. बारा लिटरच्या टाकीत २०० बार दाबाने सुमारे २,४०० लिटर हवा मावते. शुद्ध ऑक्सिजन तर सहा-सात मीटरच्या खाली विषारी ठरू लागतो, झटके येऊ शकतात. टाकीतली ही हवा भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतकीच करून, हवी तेव्हाच तोंडात सोडण्याचं काम रेग्युलेटर करतो. १९४३मध्ये फ्रान्समध्ये नौदल अधिकारी जाक कुस्तो आणि अभियंता एमिल गान्यां यांनी तो तयार केला. युद्धामुळे पेट्रोल मिळेना, म्हणून गान्यां मोटारी गॅसवर चालवण्यासाठी एका झडपेवर काम करत होता. तीच झडप पाण्याखाली गेली.

आता स्कुबातला सगळ्यात कडक नियम: श्वास कधीही रोखायचा नाही. समुद्रात दहा मीटरला दाब दुप्पट होतो, पाच मीटरला दीडपट. पाच मीटरवर कुणी छातीत सहा लिटर हवा भरून घेतली आणि घाबरून तोंड मिटून वर झेपावला, तर पृष्ठभागाशी त्याच हवेला नऊ लिटर जागा लागेल. फुप्फुसात तेवढी जागा नसते. रॉबर्ट बॉइलने १६६२मध्ये मांडलेला, शाळेत पाठ केलेला नियम इथे थेट बरगड्यांच्या आत लागू होतो, आणि तोही दीड-दोन मीटरच्या उथळ पाण्यातसुद्धा.

दुसरा धोका नायट्रोजनचा. दाबाखाली तो रक्तात आणि चरबीत विरघळतो; झटकन वर आलं तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे सुटतात. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन हॉल्डेनने बकऱ्यांवर प्रयोग करून वर येण्याची सुरक्षित वेळापत्रकं १९०८मध्ये प्रसिद्ध केली. पहिल्यांदा पाच-सहा मीटरवर पंधरा-वीस मिनिटं राहणाऱ्याच्या अंगात नायट्रोजन इतका कमी विरघळतो, की त्याने याची धास्ती घेऊ नये. मात्र पूर्ण कोर्स करून अठरा मीटरपर्यंत दिवसातून दोन-तीनदा उतरणाऱ्याने घाटाचा विचार करावा. विमानप्रवासाआधी एका बुडीनंतर किमान बारा तास आणि अनेक बुड्यांनंतर अठरा तास थांबावं, असा सल्ला डायव्हर्स अलर्ट नेटवर्क देतं, आणि तो साधारण ६०० मीटर उंचीपासून पुढे लागू होतो. परतीला आंबोलीचा घाट धरला, तर आंबोलीच सुमारे ६९० मीटरवर आहे. संध्याकाळची शेवटची बुडी मारून रात्रीच घाट चढण्यापेक्षा मालवणात एक मुक्काम वाढवलेला बरा.

मग एवढ्या लांब कशाला, घरचं लोणार सरोवर आहेच की, असं कुणी म्हणेल. तिथे ते शक्य नाही. उल्कापाताने बेसाल्टमध्ये झालेलं हे विवर अभयारण्य आहे, २०२०पासून रामसर स्थळही. पाणी खारं, वर अल्कधर्मी. सामू दहाच्या आसपास. खोली जेमतेम काही मीटर, आणि शेवाळाने ते इतकं हिरवं असतं की मास्कमधून स्वतःचा हातही धड दिसायचा नाही. जिल्ह्यातल्या एखाद्या धरणात पुढेमागे कुणी उतरायचं ठरवलं, तरी समुद्रावरची वेळापत्रकं तिथे जशीच्या तशी चालणार नाहीत. पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरहून उंच असली की त्या बुडीचं गणित वेगळ्या तक्त्यावर करतात. वरच्या हवेचा दाब मुळात कमी असल्याने तिथली पंधरा मीटरची बुडी समुद्रातल्या पंधराहून खोल धरली जाते.